आग्नेय कोपरा

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या त्या गल्लीतल्या सगळ्यांनी घरं विकायला होकार दिला होता. अडून बसले होते एकटे चारुदत्त. डेटा सेंटरवाल्यांना हवी तर अख्खी गल्ली, नाहीतर एकही घर नको. त्यामुळे परवापर्यंत फराळाचे डबे घेऊन येणारे शेजारी आता मान वळवून गाडीत बसायचे. चालायचंच!

तसा चारुदत्तांचा जन्म याच धंद्यात गेला. मशीन थंड ठेवायची यंत्रणा त्यांनी गावभर बसवली, तिच्यापायी इथली शेतं संपली, आणि आता तिची घरघर त्यांच्याच कुंपणाशी येऊन ठेपली होती. त्याचं त्यांना ना दुःख, ना राग. बायको, सुनेत्राबाई, गेल्यापासून कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. हट्ट एकच: वास्तुशांतीला तिनं जमिनीत पुरलेली वास्तुपुरुषाची मूर्ती सोबत न्यायची, मगच सही.

आज शेजारचा प्रसाद स्वतःच कुदळ घेऊन हजर झाला. "काका, मला ट्रॉयला नव्या नोकरीवर जॉइन व्हायचंय. प्लीज, आज फायनल करू या."

दोघांनी आवाराचा आग्नेय कोपरा खणला. मूर्ती नाही. मग घराच्या भिंतीलगतचा आग्नेय कोपरा खणला. तिथंही नुसते दगड आणि मुळं.

"काका, पुरताना तुम्ही होतात ना?"

होते कसले! गुरुजी इकडे मंत्र म्हणतायत आणि हे महाशय पूजेवरून उठून पुढच्या दारी साइटच्या फोनवर. त्यांचं पहिलं डेटा सेंटर चालू व्हायचं होतं ना! जागा ठाऊक होती ती सुनेत्राबाईंना.

चारुदत्त कंबर धरून खड्ड्याच्या काठावर टेकले. "आग लागो या घराला!" त्यांच्या तोंडून गेलं.

आणि ते थबकले. मागच्या दाराकडे बघत राहिले. असं काही अभद्र बोललं की ती हातातलं काम टाकून बाहेर यायची. "अहो, शुभ बोला! वास्तू तथास्तू म्हणत असते." इतक्या वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

दार बंदच राहिलं. कुंपणापलीकडची घरघर तेवढी चालू होती. प्रसाद खाली मान घालून फोन बघत होता.

चारुदत्तांनी हातांची माती झटकली. "राहू दे वास्तुपुरुषाला तिथंच," ते म्हणाले. "सही कुठं करायची, दाखव."

सही झाली. घरात शिरताना त्यांनी पायपुसण्यावर बूट चांगले घासून पुसले. माती आत आलेली तिला खपायची नाही.