बिंदगं कुणाच्या डोक्यावर

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या सकाळीच रामलिंगचं डोकं फिरलं. आणि फिरलं कशानं, तर चहाच्या बशीनं.

मुखेडकडच्या खेड्यातला हा माणूस मुंबईत नट झाला. तीन वर्षांपासून टीव्हीवर आईवेड्या मुलाचं काम करतोय. लातूरच्या चौकात त्याचे बॅनर लागले. मालिकेत तो आईचा चहा बशीत ओततो, फुंकतो, बशीच्या बुडाला बोट लावून बघतो आणि मगच पुढं करतो. त्या एका सीनवर बायका पदर डोळ्याला लावतात. हे सुचलं कुठून, असं मुलाखतीत विचारलं तर पठ्ठ्या म्हणाला, "आमच्या घरात असंच चालतं."

चालतं ना. पण करणारा हा नव्हे, व्यंकट. शेजारच्या शेताचा, शाळेपासूनचा दोस्त. रामलिंगच्या आईचं, कस्तुराबाईचं बीपीचं औषध, डोळ्याचं ऑपरेशन, गॅसची टाकी, सगळं त्याच्याकडं. रामलिंगनं ती बशी एकदा व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि गुपचूप उचलली.

आज तीच बशी समोर. ओट्यावर व्यंकट फुंकर मारत होता आणि म्हणत होता, "माय, घे, निवला." माय. रामलिंगसुद्धा आधी मायच म्हणायचा, मुंबईत गेल्यावर आई म्हणायला लागला. हातातला चहा त्यानं तसाच खाली ठेवला.

येळवशीला घरचा गडी आंबिलाचं बिंदगं, म्हणजे मातीचं मडकं, डोक्यावर घेऊन, वर घोंगडी पांघरून शेतात जातो. मग कडब्याच्या कोपीत पूजा, आणि शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीवर नि आंबिलावर सगळ्यांनी ताव मारायचा. रामलिंग मुंबईला गेल्यापासून नऊ वर्षं हे बिंदगं व्यंकटच्याच डोक्यावर होतं. आजही त्यानं चुंबळ केली तसा रामलिंग आडवा आला.

"आण इकडं. घरचा गडी मी हाय."

"घे की बाबा," व्यंकट हसत म्हणाला. "म्या कुठं न्हाई म्हणलो?"

त्या हसण्याचाच तर राग होता. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

कस्तुराबाई एवढंच म्हणाली, "रामलिंगा, झब्बा खराब होईल रे. व्यंकटला सवय हाय."

सवय. रामलिंग दात आवळून निघाला. अर्धी वाट नीट गेला. तेवढ्यात पलीकडच्या शेतातून बायकांनी हाक मारली, "सिरीयलवाले, इकडं बघा की." आणि नटच तो, मोबाइल दिसला की मान आपोआप वळते. हा हसत वळला आणि बिंदगं कलंडलं. आंबील कपाळावरून, झब्ब्यावरून थेट पायात. फुटलंच असतं, पण मागून व्यंकटनं झेप घेऊन धरलं.

"जाऊ दे," कस्तुराबाई म्हणाली. "व्यंकटनं धरलं म्हणून अर्धं वाचलं."

पुढची वाट बिंदगं व्यंकटच्या डोक्यावर. मागनं चिकट झब्ब्यात, जळफळत, महाराष्ट्राचा आईवेडा मुलगा.

जेवणं झाली. थर्मासातला चहा निघाला. रामलिंगनं बशी जवळजवळ हिसकावलीच. ओतला, फुंकला, बुडाला बोट लावलं, आईपुढं धरला. इतकं मनापासून त्यानं कॅमेऱ्यापुढंही कधी केलं नव्हतं.

कस्तुराबाई कौतुकानं बघत राहिली. "हुबेहूब व्यंकट. टीव्हीवर पयल्यांदा पाहिलं तवाच म्या वळखलं."

व्यंकट चपापला. "म्या करतो तसं दावतेत व्हय? मला कुठं टाइम हाय बघायला."

"मग माझं काहीच न्हाई का त्यात, माय?" रामलिंगच्या तोंडून गेलं. किती वर्षांनी माय निघालं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

म्हातारीनं खरंच विचार केला. टोचून बोलायचा तिचा स्वभावच नव्हता.

"हाय की. बॅग उचलून, मागं न बघता घरातून जातोस बघ त्या सिरीयलीत? त्यो सीन तुझा. लई खरा वाटतो." आणि तिनं बशी तोंडाला लावली.

चार वाजता लातूरची गाडी बांधापाशी आली. उद्या शूटिंग होतं. रामलिंगनं बॅग उचलली, दहा पावलं गेला, आणि थांबून मागं वळला.

कस्तुराबाई व्यंकटच्या खांद्याला धरून सरी ओलांडत होती. तिचं सगळं लक्ष पायाकडं होतं. तिनं काही मागं बघितलं नाही.