भोपळ्यातल्या दोन प्रती

अश्फाकने माझ्या टेबलावर दोन पेनड्राइव्ह ठेवले. दोन्ही एकाच बनावटीचे, एकाच दिवशी घेतलेले. दोन्हींना वाळक्या भोपळ्याचा वास येत होता.

"सर, एकबी उघडंना. फॉरमॅट करा म्हनतंय."

"केलं नाहीस ना?"

"न्हाई. तेवढी अक्कल हाय."

त्याचे वडील मौला मिरजेत तंबोरे बनवत. २०१९च्या पुरानंतर, नोकरीसाठी पुण्याला जाण्याआधी, अश्फाकने मोबाइलवर त्यांचे सत्तावीस व्हिडिओ घेतले होते. विषय एकच : जवारी. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीने कुठे आणि किती घासला म्हणजे तार गुंजू लागते, हे मौला त्यांत बोलत बोलत करून दाखवत होते. सांगलीतल्या माझ्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात त्या फायली या पेनड्राइव्हवर मीच उतरवल्या. दुकान नुकतेच पाण्याखालून वर आले होते, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एक छापील चिठ्ठी देत असे : दोन प्रती ठेवा, ओलाव्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवा. माझ्या संगणकावरची प्रत आठव्या दिवशी पुसण्याचा नियम आहे, त्यानुसार ती पुसली. नियम योग्य आहे असे मला आजही वाटते. तो मोबाइल पुढे बिघडला आणि भंगारात गेला.

तीन वर्षांपूर्वी मौलांना पक्षाघात झाला. उजवा हात आणि वाचा गेली. कान शाबूत राहिले. आता अश्फाक वडिलांचे दुकान चालवायला परतला होता, आणि जवारी त्याला येत नव्हती.

मी दोन्ही पेनड्राइव्हमधल्या चिप काढून त्या थेट वाचल्या. चार दिवस गेले. सत्तावीसही फायलींची नावे मिळाली. आत मात्र चुकांचे प्रमाण दुरुस्तीच्या मर्यादेपलीकडे होते. एकाच फायलीतून चार सेकंदांचा आवाज सलग निघाला.

कारण कळल्याशिवाय मला स्वस्थता नसते. मे महिन्यातल्या दुपारी, खिशात तापमापी घालून, मी मिरजेला गेलो.

"कुठं ठेवले होते?" मी विचारले.

अश्फाकची आई अख्तरबी हिने माळ्याकडे बोट केले. शिडी चढून पाहिले. पत्र्याखाली तंबोऱ्यांसाठीचे भोपळे ओळीने वाळत होते. पेनड्राइव्ह त्यांतल्या एकात, कापडात गुंडाळून, सहा उन्हाळे पडून होते. तापमापी सत्तावन्नावर थांबली.

खाली येऊन मी सांगितले : या चिपमध्ये माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. तो हळूहळू गळतो. उष्णता वाढली की गळती अनेक पटींनी वाढते. दोन्ही प्रती एकाच जागी होत्या, म्हणून दोन्ही बरोबरच गेल्या.

"आवं सायेब," अख्तरबी म्हणाली, "तुमीच लिवून दिलंवतं, कोरड्या जागंत ठेवा म्हून. भोपळ्यापरीस कोरडी जागा ह्या घरात कुठली? तुमी हुडकून दावा. माज्या सासऱ्यापास्नंचा माल तितंच वाळलाय. एकाला बुरशी न्हाई लागली."

"अम्मी, गप गं."

"का गप? कागद ठिवलाय मी."

तिने खरोखरच कागद आणला. चिठ्ठीत उष्णतेचा उल्लेख नव्हता. पेनड्राइव्ह अधूनमधून जोडून पाहावा, तपासावा, नव्यावर उतरवावा, हेही नव्हते. पाणी माझ्या डोक्यात होते. मी पाण्याविषयीच लिहिले होते.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. हे विधान अचूक होते आणि त्याने काहीही बदलणार नव्हते.

मौला भिंतीला टेकून बसले होते. मी लॅपटॉप उघडून तो चार सेकंदांचा आवाज लावला. घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग त्यांचाच, सहा वर्षांपूर्वीचा : "अश्फाक, पंखा बंद कर आदी."

त्यांनी मान वर केली आणि छताच्या पंख्याकडे पाहिले.

"फुडं?" अश्फाकने विचारले.

"पुढं नाही."

तो उठला आणि त्याने पंखा बंद केला. मग वडिलांसमोर तंबोरा आडवा घेऊन तार सैल करून बाजूला सारली, घोडीवर कानस दोनदा फिरवली, तार पुन्हा ताणली आणि छेडली. मौलांनी मान नकारार्थी हलवली.

"जास्त झालं का कमी, अब्बा?"

त्यांचा डावा हात थोडा उचलला गेला आणि मांडीवर पडला. त्यातून मला काही वाचता आले नाही. अश्फाकलाही आले नसावे. त्याने पुन्हा तार सैल केली, घासले, ताणली, छेडली. नकार. पुन्हा. नकार.

"जास्त घासलं तर घोडीच वाया जाती," अख्तरबी माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्येंनीच सांगितलंवतं कवातरी. किती म्हंजे जास्त, ते त्या पेनड्राइव्हच्या डबीत हुतं."

मी लॅपटॉप मिटला. अश्फाकने कानस पुन्हा उचलली.