पलीकडून कोण बोलतंय

कुसुमला पाहण्याआधी मी तिचा आवाज ऐकला. घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधला माझा तो पहिला दिवस. हिवाळ्यातलं कोवळं, पातळ ऊन उंच खिडक्यांतून उतरून बोर्डांवरच्या दोऱ्यांच्या गुंत्यावर सांडलं होतं, आणि ओळीने बसलेल्या आम्हा बायकांच्या बोलण्याचा अखंड कल्लोळ छताला जाऊन भिडत होता. त्या कल्लोळातून एकच आवाज वेगळा निघत होता. रित्या घागरीवर बोटाने टिचकी मारावी तसा जाडसर, घुमारदार. "बोला सोलापूर, तुमची मुंबई आलीये," तो आवाज म्हणाला, आणि मला वाटलं, सोलापुरातल्या कुण्या अनोळखी माणसाच्या दारात खरंच अख्खी मुंबई जाऊन उभी राहिली असेल.

ती सावळी होती, उंच होती, आणि हसताना मान मागे टाकून हसायची. तिचे वडील नगरकडचे. मुंबईत येऊन टेकडीवरच्या वस्तीत त्यांनी घर केलं, दिवसा गोदीत काम केलं आणि रात्री जलशात गायले. एप्रिलमधल्या जयंतीला, मंडपाच्या निळ्या पताकांखाली, कुसुम त्यांच्या मागे उभी राहून झील धरायची. ते गेल्यावर ती पुढे आली आणि झील धरायला मागे कुणी उरलं नाही. तरी ती गायची. ट्रंक कॉल लागेपर्यंत लाइनवर जी पोकळी पसरलेली असते, समुद्राच्या शंखातल्यासारखी हलकी घरघर असलेली, तिच्यात ती अभावितपणे गुणगुणायची. नियमाला ते धरून नव्हतं. पण गुणगुणणाऱ्यालाच ते कळत नाही, तर नियमाला कुठून कळणार?

एका दुपारी ती कॉर्ड हातात तशीच धरून माझ्याकडे वळली. चेहरा उतरलेला.

"वाट लागली गं माझी. लाइनवरची पार्टी विचारतेय, मघाशी कोण गात होतं."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, तक्रार करायची असेल तर सुपरवायझरला जोडते. तर म्हणते, तक्रार नाही हो, ते गाणं कोणाचं ते सांगा!"

"आणि?"

"म्हटलं, माझंच. म्हणजे चाल माझी. शब्द अजून यायचेत."

पलीकडे वसुधाबाई होत्या. टीव्हीवर त्या वर्षी रविवारी सकाळी गाण्यांची एक मालिका सुरू झाली होती, आणि तिच्या निर्मात्या त्याच. दर आठवड्याला दोन अगदी परक्या परंपरांतले कलावंत समोरासमोर बसवायचे, त्यांनी मिळून एक नवंकोरं गाणं घडवायचं, आणि ते घडताना आणि घडल्यावर आपण पाहायचं, अशी ती कल्पना. कीर्तनकाराशेजारी गिटारवाला, लावणीच्या ढोलकीशेजारी सतार. आदल्या रविवारी ऐकलेलं गाणं सोमवारी आमच्या बोर्डावर हमखास चर्चेला असायचं. वसुधाबाईंनी तिलाच बोलावणं धाडलं. त्या मालिकेत कुसुम! आम्ही जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायचे विसरलो.

तिची जोडी ठरली मढच्या बेनेडिक्टमास्तरांशी. ते चर्चमध्ये आणि लग्नांत व्हायोलिन वाजवत, आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाद्यवृंदाच्या शेवटच्या रांगेत बसत. वय साठीकडे झुकलेलं. कुसुमने मला सोबत ओढून नेलं. वर्सोव्याहून होडीने खाडी ओलांडली तेव्हा तिने साडीचा पदर दोन्ही हातांनी गच्च धरला होता, वाऱ्यासाठी की भीतीसाठी, ते मी विचारलं नाही. मढला बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, ओळीच्या ओळी, आणि त्यांतून झिरपणारं ऊन वाळूवर थरथरत होतं. मास्तरांनी ओट्यावर खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. त्यांच्या बायकोने आम्हाला बसायच्या आधीच नारळाची वडी दिली.

पहिले दोन रविवार ती दोघं नुसती भांडली. मास्तरांचं सगळं कागदावरच्या सुरावटींत आखलेलं. चार मात्रांची चौकट, तिच्या कडेशी ओळ संपलीच पाहिजे. कुसुमचा श्वास त्या कडेवरून सरळ पुढे जायचा, भरतीचं पाणी बांध न पाहता शेतात शिरावं तसा.

"बाय, तू माझे मापात मावत नाय," मास्तर अखेर व्हायोलिनचा गज खाली ठेवून म्हणाले.

"मग माप मोठं करा ना, मास्तर."

मास्तरांच्या गालावरच्या सुरकुत्या एकेक करून हसू लागल्या. त्यांनी आखलेला कागद उलटा केला. "परत गा. आता मी तुझे मागून येतो." आणि ती गायली, आणि व्हायोलिन तिच्या मागून आलं, आधी बिचकत, वाट चुकत, मग तिचा हात सापडल्यासारखं. ओट्यापुढून जाणाऱ्या कोळणी टोपल्या डोक्यावर घेऊन तशाच उभ्या राहिल्या. एक गोष्ट जगात नव्हती, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती होत होती.

शब्द तिने कामावरूनच आणले. लाइन लागली की नाही हे पाहण्यापुरतं आम्हाला कानावर घ्यावं लागायचं, आणि तेवढ्यात कुणाचं मूल जन्माला यायचं, कुणाचा बाप जायचा, कुणी नुसतंच "जेवलास का रे?" विचारायचं. ऐकायचं नाही आणि तरी ऐकू येतं, या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ती इतकी वर्षं बसली होती. तिथूनच तिचं गाणं उठलं: 'पलीकडून कोण बोलतंय, नाव सांगा, गाव सांगा, लाइन लागली, जीव लागला, सुखदुःखाचा ठाव सांगा.'

चित्रीकरण अंधेरीतल्या एका लहानशा स्टुडिओत होतं. कुसुम निळी साडी नेसली होती, केसांत अबोली. दिव्यांच्या त्या प्रखर वर्तुळात तिचा चेहरा तांब्यासारखा तापून उजळला होता. एकदा तालीम झाली, आणि काचेपलीकडून मालिकेचे मुख्य साहेब बाहेर आले. सभ्य गृहस्थ, सभ्यपणेच बोलले. चाल अप्रतिम आहे, पण आवाज जरा जाड, उच्चार थोडे रांगडे. घराघरांत जाणारा कार्यक्रम. तेव्हा मुखडा आणि अंतरे माधवी गाईल, कुसुमबाईंनी कोरसमध्ये साथ करावी. मुलुंडची माधवी, शास्त्रीय शिकलेली, नितळ गळ्याची तरुण मुलगी, कोपऱ्यात अवघडून उभी होती. तिला हे त्याच सकाळी कळलं असावं. वसुधाबाई जमिनीकडे पाहत होत्या.

मास्तरांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. त्या खटक्याने स्टुडिओतली हवाच बंद झाली.

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर भांडेल. तिची जीभ मला ठाऊक होती. कुसुमने मात्र माधवीकडे पाहिलं, एखादा नंबर मनात जुळवत असावी तशी. मग म्हणाली, "साहेब, फोनला दोन टोकं लागतात."

"म्हणजे?"

"गाण्यात विचारणारी मी आहे. पण उत्तर कुणी देतच नाही ना यात! इतके दिवस तेच अडत होतं माझं. ही गाऊ दे की. पण पलीकडून. विचारणार मीच, आणि सुरुवात माझ्याच आवाजात होणार. ते नसेल जमत, तर मास्तर आणि मी चाललो मढला."

साहेब गोंधळले. माधवी पुढे आली, आणि पहिल्यांदाच बोलली, "ताई, उत्तरात काय गाऊ? शब्द कुठायत?"

"इथेच करू. बस खाली."

आणि तो नितळ गळा आणि तो जाड गळा गुडघ्याला गुडघा लावून फरशीवर बसले. वायरींच्या वेटोळ्यांत, दिवे धरणाऱ्या माणसांच्या पायांशी. मास्तरांनी पेटी उघडली. 'मी बोलते गं, ओळखलंस का?' माधवीने सुचवलं, कुसुमने मांडीवर थाप मारली, "झकास!" मी भिंतीला टेकून ऐकत होते. एका अंतऱ्यात दोन्ही आवाज एकमेकांवरून गेले, एक जमिनीलगत, एक उंचावरून, आणि मधल्या आभाळात व्हायोलिन घिरट्या घालू लागलं. गाणं थांबलं तेव्हा साहेब सगळ्यांत आधी टाळ्या वाजवत होते. ते वाईट नव्हते; त्यांनी ते आधी ऐकलं नव्हतं, इतकंच.

प्रसारणाच्या सकाळी टेकडीवरच्या वस्तीतला एकमेव रंगीत टीव्ही खिडकीत आणून बाहेर तोंड करून ठेवला होता. गल्लीत माणसांचं बी पेरल्यासारखी दाटी. मढहून मास्तर आणि त्यांची बायको, मुलुंडहून माधवी आईला घेऊन आलेली. पडद्यावर कुसुमचा चेहरा उगवला आणि जो जल्लोष झाला त्यात पहिली ओळ कुणालाच ऐकू आली नाही. "गप बसा रे!" ओरडली ती कुसुमच, आणि मग लाजून माझ्या खांद्यामागे लपली. तिच्या हृदयाचे ठोके मला पाठीवर मोजता आले असते. दुसऱ्या दिवशी बोर्डावर सांगलीहून कुणी बाई म्हणाल्या, "अहो, तुम्हीच का त्या?" कुसुमने मान ताठ केली. "नंबर सांगा," ती म्हणाली, आणि मग हळूच, "हो. मीच."

मालिकेचा तो मोसम संपला आणि पुन्हा तशी मालिका आली नाही. ट्रंक कॉल गेले, आम्ही वेगवेगळ्या खात्यांत विखुरलो. मास्तर गेले. पुढे कधीतरी मी वसुधाबाईंना शोधून काढून गाण्याच्या फितीची चौकशी केली, तर कळलं, त्या काळी फिती महाग, स्टुडिओने त्याच फितीवर दुसरं काही चित्रित करून टाकलं. मी संतापून ते कुसुमला सांगायला गेले. ती भाजी निवडत होती. क्षणभर तिचे हात थांबले. मग मान मागे टाकून ती हसली. "म्हणजे माझ्यावर दुसऱ्या कुणाचं गाणं चढलं असेल. चढू दे की गं. गाणंच आहे ना?"

मागच्या थंडीत ती गेली. माणूस गेल्यावर मागे काय उरतं, याचा घोर मी पुष्कळ दिवस वाहिला. अलीकडे मात्र वाटतं, एखादं माणूस आपल्या साऱ्या ताकदीनिशी आनंदात होतं तो दिवस कुणीतरी जवळ उभं राहून पाहिलेला असला, की काळाला त्या माणसाचं सगळंच काही नेता येत नाही.