धरून ठेवलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्समीटर आहे. पाठीवर ओरखडे, डोक्यावर ओढून लांब करायची अँटेना आणि छातीवर अंगठ्यांनी हलवायच्या दोन दांड्या. छोटं विमान आकाशात गेलं, की वळ, चढ, उतर असं त्याला जमिनीवरून सांगणं हे माझं काम. आता तंजावूरमध्ये राजवाड्यामागच्या गल्लीत, कल्याणरामांच्या घरी, मी एका मऊ पंच्यात गुंडाळलेला असतो.

त्यांनी मला चेन्नईहून आणलं, तेव्हा ते बसमध्ये पूर्ण वाट मला मांडीवर घेऊन बसले होते. ते कालवे खात्यात नोकरीला होते. पण रविवार उजाडला की मी त्यांचा आणि ते माझे. त्यांची बायको महालक्ष्मीबाई म्हणायच्या, "जेवण माझ्या हातचं, जीव मात्र आभाळात!"

"तूही चल की गे."

"मी आले तर तुमचं विमान कोणाच्या स्वयंपाकघरात उतरणार?"

खरंच, एकदा ते शेजारच्यांच्या वाळवणात उतरलं होतं.

सांबा हंगामातलं, थंडीतलं भात कापून झालं, की पापनाशमकडची शेतं कोरडी पडत. आम्ही तिथे जायचो. बरोबर त्यांची लेक भुवना, दोन वेण्या घातलेली. उडवण्याआधी तयारी असे, आणि ती कधी चुकत नसे. वेगाची दांडी तळाला. आधी मी चालू व्हायचो, मग विमान. बंद करताना आधी विमान, मग मी. "आधी आईबाप जागे होतात, मग लेकरू," ते भुवनाला सांगत. "निजताना आधी लेकरू." मग माझी दांडी उजवीकडे ढकलायची आणि विमानाच्या उजव्या पंखाची हलती पट्टी वर उचलली जाते का, ते बघायचं. ते नुसतं बघत नसत, पट्टीवर बोटही ठेवत. बोट खोटं सांगत नाही, म्हणत.

भुवनाला शिकवायला त्यांनी मला आणखी एका लहान ट्रान्समीटरशी वायरने जोडलं. मी गुरूच्या हातात, लहानगा तिच्या हातात. माझ्या कोपऱ्यात एक स्प्रिंगचं बटण आहे. गुरूने ते दाबून धरलं, की विमान शिष्याचं. सोडलं, की पुन्हा गुरूचं. म्हणजे धरून ठेवलं तर दिलं, सोडलं तर परत घेतलं. गंमतच ना?

विमान थोडं कललं, की भुवना किंचाळायची, "घ्या अप्पा, घ्या!" आणि ते लगेच बटण सोडायचे. एके दिवशी मात्र त्यांनी सोडलं नाही. ती किंचाळली, रडली, तिने पाय आपटले. अंगठे मात्र दांड्यांवरून काढले नाहीत. विमान माडांना वळसा घालून परत आलं. बसस्टॉपपर्यंत ती बापाशी एक शब्द बोलली नाही. बस दिसल्यावर तिने विचारलं, "पुढच्या रविवारी परत?"

मग भुवना शिकायला गेली, तिकडेच नोकरीला लागली. कल्याणरामांना नजरेच्या मधोमधचं दिसणं हळूहळू बंद झालं. कडेचं तेवढं उरलं. समोरचा माणूसही ते आवाजाने ओळखू लागले. आकाशातला ठिपका कसा सापडणार? मी माळ्यावर गेलो. पोटात बॅटऱ्या तशाच राहिल्या. त्या पाझरल्या आणि मला आतून हिरवट गंज चढला. मित्रांनो, ते दुखणं सांगता येत नाही.

यंदा पोंगलनंतर भुवना आली, हाताने बनवलेलं विमान आणि नवा ट्रान्समीटर घेऊन. घरासमोरच्या ओट्यावर, तिण्णैवर, तिने मला मांडीवर घेतलं आणि लिंबाचा रस, जुना टूथब्रश घेऊन माझं पोट इतक्या हळुवारपणे साफ केलं, की मला झोप यावी. माझी भाषा समजणारी विमानं आता उडत नाहीत. म्हणून तिने मला वायरने तिच्या नव्याला जोडलं. या खेपेस मी शिष्य.

"अप्पा, उद्या तुम्ही उडवायचं."

"अय्यो, पाडीन गे! तुझी इतकी मेहनत..."

"विमान माझं. पडलं तर मी बघीन."

"आणि मला काय दिसणार?"

"मी सांगीन ना."

त्यांनी विमान जवळ ओढून उजव्या पंखावर बोट ठेवलं. "दांडी उजवीकडे ढकल." भुवनाने माझी दांडी ढकलली. बोटाखालची पट्टी खाली गेली. "उलटं आहे गे! असं उडवलं असतंस तर माडाला एक नारळ वाढला असता."

भुवना जीभ चावून हसली आणि तिने माझ्या पाठीमागची छोटी खिट्टी फिरवली. आता पट्टी वर आली. "सरि, आता बरोबर," ते म्हणाले. त्यांचा अंगठा माझ्या दांडीवर आला. तोच अंगठा.

दुसऱ्या दिवशी त्याच शेतात भुवनाने विमान उंच नेलं आणि तिचं बटण दाबलं. "तुमचं, अप्पा."

"याला आवाजच नाही गे. याच्यापेक्षा डास बरा."

"डावीकडे थोडं. हं. आता सरळ. छान!"

एक फेरी झाली. दुसरी झाली. बांधावर बसलेल्या महालक्ष्मीबाई कॉफी ओतायची विसरल्या. मग वारा आला. विमानाची गुणगुण बारीक झाली.

"लांब गेलं का?"

"माडांकडे चाललंय. वळवा."

"मला दिसत नाही! घे तू, भुवना, घे!"

मी तिच्या नव्या ट्रान्समीटरकडे पाहिलं. बटणावरचं तिचं बोट पांढरं पडलं होतं. ते हललं नाही.

"डावीकडे, अप्पा. आणखी. आणखी थोडं..."

त्यांनी माझी दांडी वळवली. गुणगुण पुन्हा मोठी झाली आणि डोक्यावरून गेली. कल्याणरामांनी मान वर केली, जणू त्यांना दिसलंच.

"ऐकलं नाहीस माझं," ते म्हणाले.

"तुम्ही तेव्हा माझं ऐकलं होतं?"

त्यांचे गाल ओले झाले होते आणि ते हसत होते. "उतरव तूच," ते म्हणाले. तेव्हा तिने बटण सोडलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना ठेवून द्यायचं तर आधी पोटातल्या बॅटऱ्या काढा. एवढं केलंत की आम्ही कितीही दिवस वाट पाहू. आणि घरात कोणी "माझं आता झालं" म्हणत कोपऱ्यात बसलं असेल, तर आम्हाला माळ्यावरून काढा, त्यांच्या हातात द्या. ते "घे, घे" म्हणतील. तुम्ही लगेच घेऊ नका. बटण थोडा वेळ धरून ठेवा.