दर अकरा मिनिटांनी

मी मोठी कापडी पिशवी घेऊनच गेले होते. बाबांचा कॉम्प्युटर तिच्यात घालायचा आणि सरळ माझ्या घरी आणायचा, असं आठवड्यापूर्वीच पक्कं करून आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं. मला काहीही ठरवायला वेळ लागत नाही. आईच्या मते विचार करायलाही लागत नाही, कारण तो मी करतच नाही.

"वादळ आलं," दार उघडत आई म्हणाली. "आत आहेत. सकाळपासून घड्याळ लावून बसलेत."

बाबा खरंच घड्याळ लावून बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. तीन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले आणि दुकान बंद झालं. मग स्कूटरची किल्ली मी काढून घेतली, मग माळ्याची शिडी. राहिला होता तो कॉम्प्युटर. त्यावर कुठकुठले घड्याळवाले त्यांना बंद पडलेल्या घड्याळांचे फोटो पाठवायचे आणि कुठे काय अडलंय ते बाबा सांगायचे. दुकानच होतं ते, फक्त शटर नव्हतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण पंधरा दिवसांपासून पडद्यावर कसल्याही जाहिराती टपकत होत्या. केस उगवणारं तेल, बक्षीस लागलेली मोटार, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, इथे दाबा'. एक दिवस बाबा खरंच तिथे दाबतील आणि कुणीतरी त्यांना गंडवेल, या भीतीने माझी झोप उडाली होती.

"काय काय दाबलंत?" मी चपला काढायच्या आधीच विचारलं.

"काही नाही."

"मग हे आपोआप येतं?"

"तेच बघतोय." त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "दर अकरा मिनिटांनी येतं. सकाळपासून एकदाही चुकलेलं नाही. घड्याळ उघडायच्या आधी ऐकायचं असतं, बाळा. मला एक तास दे. मग ने खुशाल."

ते 'खुशाल' मला लागलं. मी खुर्ची ओढली.

त्यांच्यापुढे दुकानातलं जुनं रजिस्टर होतं. उरलेल्या पानांवर जाहिरातींच्या वेळा टिपल्या होत्या, त्याच जुन्या रकान्यांत: तारीख, बिघाड, कारण, काय केलं. लहानपणी दुकानातल्या स्टुलावर बसून मी हे रजिस्टर वाचत असे. कारणाच्या रकान्यात जवळजवळ दर वेळी एकच ओळ असायची, 'धूळ गेली होती'. तीच गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर उतरायची. एकदा एका गृहस्थांचं घड्याळ पायरीवर आपटलेलं मी स्वतः पाहिलं होतं, तरी बाबांनी धूळच लिहिली. मी हटकलं, तर म्हणाले, "पडलं ते त्यांना ठाऊक आहे. चिठ्ठी घरी बायकोला दाखवायची असते."

"तुझ्या फोनवर हेच पान उघड," बाबा म्हणाले.

घड्याळवाल्यांचं ते पान मी फोनवर उघडलं. स्वच्छ होतं. कॉम्प्युटरवर त्याच पानाला तीन बाजूंनी जाहिराती चिकटल्या होत्या.

"म्हणजे पान चांगलं आहे. घाण आपल्या काचेवर आहे," ते म्हणाले. "आता इंटरनेटची वायर काढ."

मी वायर काढली. अकरा मिनिटं आम्ही काट्याकडे बघत बसलो. मी आयुष्यात इतकी गप्प कधी बसले नसेन, आणि खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. अकराव्या मिनिटाला पडद्यावर जाहिरातीची खिडकी उघडली. पांढरी फटक. आत फक्त 'जोडणी नाही' एवढंच.

"बघ!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "बोलावणारा बाहेर नाही. आत बसलाय!"

एखाद्या फुकटच्या प्रोग्रॅमच्या पाठीवर बसून असा जाहिरातवाला आत शिरतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्याला अॅडवेअर म्हणतात. मी कॉम्प्युटरवरच्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी काढली आणि तारखेप्रमाणे लावली. बाकी सगळे वर्षा-दोन वर्षांचे जुने. वरचे तीन मात्र एकाच दिवशी आलेले. एक खरेदीत मदत करणारा, एक शोधाची पट्टी, आणि एक कॉम्प्युटरचा वेग वाढवणारा.

तारीख मी दोनदा वाचली. तो पंधरवड्यापूर्वीचा रविवार होता. त्या रविवारी मी इथेच होते. "किती मंद चालतं हो तुमचं हे," असं म्हणत एका हातात चहाचा कप धरून मीच तो वेग वाढवणारा उतरवून घेतला होता. 'पुढे, पुढे, पुढे' दाबत गेले. मधल्या चौकटींत कशाकशावर आधीच टिक केलेली होती ते वाचलंही नाही. चहा गार झाला असता ना!

मी घाईघाईने ते तिन्ही काढून टाकायला गेले.

"सावकाश," बाबा म्हणाले. "आधी नावं लिहून घेऊ. आणि बटणावर काय लिहिलंय ते वाच."

वाचलं. भलंमोठं हिरवं बटण म्हणत होतं 'ठेवा', आणि कोपऱ्यात बारीक करड्या अक्षरांत 'तरीही काढा'. माझ्या सवयीने मी हिरवंच दाबलं असतं. तिन्ही काढले. मग ब्राउझरमध्ये शिरलो. तिथे ब्राउझरलाच चिकटलेला एक अनोळखी छोटा प्रोग्रॅम दडला होता, तो काढला. बदललेलं पहिलं पान पुन्हा पूर्वीचं केलं. कुठल्याशा साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली होती, ती बंद केली. इंटरनेटची वायर परत लावली आणि कॉम्प्युटर तपासायचा एक नावाजलेला प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या साइटवरून घेतला. या वेळी प्रत्येक चौकट मोठ्याने वाचली. त्याने आणखी दोन फायली पकडल्या. मग सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं.

आईही येऊन उभी राहिली. अकरा मिनिटं झाली. बारा झाली. बावीस झाली. पडद्यावर फक्त एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ, कुणीतरी पाठवलेलं.

"तेलाची जाहिरात तेवढी ठेवायची होती," बाबांच्या टकलाकडे बघत आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी रजिस्टरची पानं मागे उलटली. पहिली नोंद त्याच रविवारची होती, दुपारी चार चाळीस. मी चारला निघाले होते.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हणाले.

"काय करून गेलीस ते माहीत नव्हतं. ते आज कळलं."

"पण मी केलं हे माहीत होतं. मी तुमचा कॉम्प्युटर न्यायला आले, तरी बोलला नाहीत!"

"घड्याळ कधी बंद पडलं ते बघायचं असतं. कुणाच्या हातून, ते नाही." त्यांनी पेन घेतलं, थरथरत्या हाताने कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'धूळ गेली होती', आणि चष्मा पुसायला लागले.

मला रडू आलं. पंधरा दिवस मी आईला फोनवर सांगत होते, 'तुझा नवरा काहीही दाबत बसतो', आणि हा माणूस शेजारच्या खोलीतून ते ऐकत होता. मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'माझ्या हातून पडलं'.

बाबांनी चष्मा लावून ते वाचलं. "अगं, आता ही चिठ्ठी कुणाला दाखवणार?"

"तुमच्या बायकोला," मी म्हणाले आणि रजिस्टर उचलून स्वयंपाकघरात गेले.