गुरुवारची शेवंती

निळी शेवंती बघितली की मला किळस येते. मुलुंड स्टेशनबाहेर फुलवाले पांढऱ्या शेवंतीचे दांडे रंगाच्या पाण्यात बुडवून ठेवतात, सकाळपर्यंत फूल निळं होतं, आणि आमच्या सोसायटीतल्या बायका ‘वेगळा कलर आहे ना’ म्हणत ते घरी आणतात. नर्सरीतली शेवंती त्याहून बरी, पण तीही लबाडच. पुण्याकडून टेंपोत येते, कळ्यांनी लगडलेली, आणि इथल्या घामट हवेत उन्हाळ्याआधीच काळी पडून मरते. मग ती कुंडीसकट जिन्याखाली फेकायची आणि पुढच्या थंडीत नवी आणायची. माणसांना याची लाज कशी वाटत नाही, मला कळत नाही.

म्हणून मुलुंडच्या उन्हापावसात जगेल अशी शेवंती आपणच तयार करायची असं मी ठरवलं. नाहूरला एका ओळखीच्या बाईंच्या दारात बारीक पिवळी गावठी शेवंती वर्षानुवर्षं टिकून होती. तिचं रोप रीतसर मागून आणलं. पुण्याची तांबडी, मोठ्या फुलाची मी विकत घेतली. गावठीच्या पाकळ्या नखं कापायच्या कात्रीने छाटायच्या, मधली चकती उघडी करायची, तांबडीचे पराग ब्रशने तिच्यावर टेकवायचे आणि वर कागदी पिशवी बांधायची. एवढं करून बी मिळतं ते जिऱ्याहून बारीक, आणि प्रत्येक बीचं रोप वेगळं निघतं. बहुतेक भिकार निघतात. पानांवर माव्याची कीड पडली की मी ती बोटांनी चिरडायचे. माझा नवरा शरच्चंद्र म्हणायचा, “त्या हातांनी पोळ्या लाटू नकोस.”

त्या खेपेची सगळी रोपं मे महिन्यात आणि पावसाळ्यात मेली. एक सोडून. ते गच्चीवरच्या कुंडीत तग धरून राहिलं, आणि मार्गशीर्षात त्याला पहिलं फूल आलं. कोकमाच्या सरबताचा रंग, टोकांना पिवळी झाक. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. फूल सुकलं की रोपाच्या फांद्या लावून आणखी रोपं करणार होते, कारण शेवंतीच्या बियांतून तीच शेवंती पुन्हा येत नाही, फांदीतूनच येते. तोवर जगात ती एवढी एकच होती.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी गच्चीत गेले तर कुंडीतल्या मातीत नुसता खड्डा. फूल नाही, रोपही नाही. चार मातीची ढेकळं काठावर पडलेली.

मी खाली उतरत होते तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या द्रौपदीने हळदीकुंकवाला हाक मारली. दुपारी तीच गच्चीत कपडे काढायला जाते. आत गेले. चौरंगावर महालक्ष्मीचा कलश, कलशात डहाळ्या, आणि मुखवट्याच्या कानाशी, डहाळीसकट खोचलेलं, माझं फूल.

“द्रौपदी, हे कुठलं?” मी विचारलं.

“गच्चीतलं. तुझंच असेल गं,” ती माझ्या कपाळाला कुंकू लावत म्हणाली. “देवीसाठी घेतलं, त्याला चोरी नाही म्हणत. मी फूलच ओढलं, तर आख्खं रोप हातात आलं. माती किती भुसभुशीत ठेवतेस.”

“आणि मुळं?”

“मुळं कलशात ठेवू? तोडून टाकली.”

“ती डहाळी मला दे. आत्ता.”

“असं काय करतेस? मांडलेली पूजा हलवतात का? उद्या बघू.” बाकीच्या बायका माझ्याकडे बघत होत्या, देवीच्या तोंडचं फूल ओरबाडायला आलेली बाई बघावी तशा. द्रौपदीने माझ्या हातावर केळं ठेवलं. मी ते घेतलं, याचा मला आजही राग येतो.

सकाळी तिचं दार वाजवलं तर पूजा उचलून झाली होती. “निर्माल्य खाली टाकलं,” ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.

खाली निर्माल्याचा निळा ड्रम असतो. महिनाभराची भक्ती त्यात कुजत होती. मी बाही वर करून हात घातला. वरती प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्याखाली झेंडूचा काळा चिखल, पंचामृताचा आंबूस फेस, केळ्याची सालं, आणि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. कोपरापर्यंत बरबटून मी एकेक पिशवी फोडली. द्रौपदीच्या पिशवीत फूल सापडलं. नुसतं फूल, मानेपाशी खुडलेलं. त्याला फांदी नव्हती, आणि फांदीशिवाय ते कचराच होतं. वॉचमन लांबून नाकाला रुमाल लावून बघत होता.

नंतर मी पुन्हा तोच संकर करून पाहिला. उगवलं ते सगळं फिकट, रोगट, मेंगळट. एकही रोप फुलापर्यंत पोचलं नाही. द्रौपदीशी बोलणं मी सोडलं. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी रिक्षातून उतरले आणि सहज वर पाहिलं. द्रौपदीच्या ग्रिलमध्ये, रंगाच्या जुन्या डब्यात, रणरणत्या उन्हात एक झुडूप तरारलं होतं. ती पानं मी झोपेतही ओळखली असती. जिना धावत चढले.

“ही होय?” द्रौपदी म्हणाली. “शुक्रवारी कलशातल्या डहाळ्या घरात ठेवतात ना, त्या फुलाची तुळशीत खोचली. तुळस वाळली, ही लागली. मग डब्यात हलवली. देवीनेच दिली मला.”

“ती माझी आहे, द्रौपदी. मी तयार केलीय ती.”

“शेवंती कोण तयार करतं गं?”

भांडायला माझ्यापाशी शब्द खूप होते. पण उद्या या बाईने डब्याला पाणी घातलं नाही, तर सगळं संपलं. “एक फांदी दे,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच आवडला नाही.

“मागून नेलेली लागत नाही,” ती म्हणाली. “तू सगळं विचारून, निगुतीने केलंस, काय टिकलं? माझी चोरीची. बघ कशी फुटलीय.”

मार्गशीर्षात जी चोरी नव्हती, ती मे महिन्यात चोरी झाली होती, आणि बाईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

“मी आत जाते,” ती म्हणाली. “तू काय करतेस ते मला दिसणार नाही. मुळासकट नको ओढूस हां.”

ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाच मिक्सर लावला. मी ग्रिलमध्ये हात घातला. तीन चांगल्या फांद्या कोवळ्या शेंड्यांसकट खुडल्या आणि ओढणीत लपवल्या.

मिक्सर थांबला. “काय गं, काही हवं होतं का?” तिने आतून विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “काही नाही. निघते.”

जिन्यात मला माझीच किळस आली, त्या ड्रमात हात घातला तेव्हा आली होती त्याहून जास्त. फांद्या मोडू नयेत म्हणून मी दोन्ही हातांनी ओढणी उचलून धरली होती.