दगडोबाच्या पोटावरचा वीतभर व्रण

मी बोलतोय दगडोबाच्या पोटावरून. उजवीकडं, बेंबीच्या खाली, वीतभर तिरका पडलेला व्रण तो मी. आठ टाके पडले, तेवढीच माझी इयत्ता. तेव्हा फार शहाणपणाची अपेक्षा ठेवू नका.

माझं वय बावन्न. आमच्या सास्तूर गावात मला न पाहिलेला माणूस सापडणं अवघड. नवा चेहरा दिसला की दगडोबाचा सदरा वर. मास्तरला सांगितलं, बैलाचं शिंग. तलाठ्याला सांगितलं, बिबट्याचा पंजा. एका नव्या जावयाला सांगितलं, "सासूच्या सैपाकाला नाव ठिवलं हुतं." बिचाऱ्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आधी मलाही हसू यायचं. पण एवढी वर्षं उघडं पडून पडून आता वीट आलाय. थंडीत ओढतो, उन्हात खाजतो, आणि म्हाताऱ्याच्या कातड्याची घडी माझ्याच अंगावर येऊन बसते.

खरं काय ते, त्याची आई गेल्यावर, आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

अठराव्या वर्षी त्याचं पोट दुखलं. त्याची आई सरकलेली बेंबी बसवायची. पंचक्रोशीतून माणसं यायची. पोटाला तेल चोळायचं, बेंबीवर पेटता दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालायचा. लेकालाही तिनं दोन दिवस चोळलं. तिसऱ्या दिवशी आतलं अपेंडिक्स फुटलं. शेतातल्या वस्तीवरून परस्पर गाडीबैलानं, मग एस्टीनं सोलापूर गाठलं. डॉक्टरनं पोट उघडलं, धुतलं, शिवलं. माझा जन्म तिथला. दीड महिना पोरगं खाटेवर आणि आई बाहेर, भिंतीकडं तोंड करून.

गावाला कळलं तर आईचं नाव खराब होईल, म्हणून त्यानं बैलाचं शिंग शोधलं. मग थापांची चटकच लागली. लग्नानंतर म्हाळसाबाईलाही शिंगच सांगितलं. तिनं सासूकडून बेंबी बसवायची विद्या घेतली, तेव्हाही हा गप्प.

गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. नात शिवरंजनी पोलीस भरतीची तयारी करत होती. आई-बाप पुण्याला कामाला, ती आजी-आजोबांकडं. मैदानी चाचणी दोन महिन्यांवर. एका सकाळी तिचं बेंबीभोवती दुखायला लागलं, मग उलटी. दुपारपर्यंत दुखणं खाली उजवीकडं सरकलं.

म्हाळसाबाई तेलाची वाटी घेऊन आली. "पळून पळून बेंबी सरकलीय. उताणी पड."

"आजी, हात नको लावू. हितं लई दुखतंय."

"पळायला नगं म्हणून सोंग," म्हातारा दारातून हसत म्हणाला. मग त्याला पोरीचा हात कुठं आहे ते दिसलं. तो माझ्याच जागेवर होता. हसणं तिथंच थांबलं.

"म्हाळसा, चोळू नगं." त्यानं सदरा वर केला. "ह्ये बैलाचं शिंग न्हाय. अपेंडिक्सचं हाय. माझं फुटलं हुतं."

तिनं मान वर केली नाही. "मागल्या आठवड्यात बिबट्या हुता. सरका तिकडं."

तिनं तळव्यावर तेल ओतलं. बावन्न वर्षांत मला इतकी लाज वाटली नव्हती. मी समोर उघडा, तरी साक्ष कुणी घेईना.

म्हातारा खाली बसला. पोरीच्या पोटावर आपला हात आडवा धरला. "दोन दिस आईनं चोळलं हुतं. तुझ्या सासूनं."

म्हाळसाबाईचा हात थांबला. हा माणूस कुणाचीही टिंगल करायचा, पण आपल्या आईला त्यानं थट्टेत कधी ओढलं नव्हतं. तिनं वाटी खाली ठेवली. "जीप बघा," एवढंच म्हणाली.

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टर भुवनेश्वरीनं म्हाताऱ्याची खरी हकिगत ऐकली, सोनोग्राफी पाहिली. "सुजलंय, फुटलं नाही. वेळेवर आणलंत. दुर्बिणीनं काढू, तीन छोटी भोकं. पोटात थोडी हवा भरतो, म्हणजे आतलं नीट दिसतं."

"टूबमधी भरत्यात तशी?"

"तशीच. पण आजोबा, आत काही वेगळं निघालं तर तुमच्यासारखं पोट उघडावं लागेल. कसंही केलं तरी काढायचं तेच. दुर्बिणीनं दुखतं कमी, माणूस लवकर हिंडतो-फिरतो. उघडून केलं तर जास्त दिवस लागतात."

"आन मैदान?" शिवरंजनीनं विचारलं.

"सगळं नीट झालं तर महिनाभरानं पळायला लाग."

मग डॉक्टरीण माझ्याकडं वाकली. म्हातारा म्हणाला, "बघा की, पोतं शिवल्यागत शिवलंय."

"जीव वाचवलाय त्या डॉक्टरांनी. चांगलंच शिवलंय."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं कौतुक केलं, तेही खरं कळल्यावर.

दुर्बिणीनंच झालं. तिसऱ्या दिवशी पोरगी घरी आली. तिच्या पोटावर तीन ठिपके, एक तर बेंबीतच लपलेला. वर्षभरात दिसणारही नाहीत म्हणे. मैदानावर ती चौथी आली. ठिपक्यांचा मला हेवा वाटतो. त्यांना कुणी पारावर दाखवणार नाही.

म्हाळसाबाई आता बेंबी बसवत नाही. कुणी आलं तर म्हणते, "आधी डाक्टरला दावा." परवा म्हाताऱ्याची पाठ चोळताना तिचा हात माझ्यावर थांबला.

"लई दुखलं हुतं का वं?"

"बैलाचं शिंग म्हंजे..." त्यानं सुरुवात केली, आणि मग नुसतं "व्हय" म्हणाला.

तुमचंही पोट असं दुखलं तर चोळत बसू नका, एवढंच मागणं. माझं काम झालं. सदरा खाली सोडा, दगडोबा. गार लागतंय.